दुसरी नळी

१

चिखलीत हिंदुराव पाटलाच्या सोप्याच्या भिंतीत दोन सागवानी खुंट्या होत्या. त्यांवर बारा बोअरची दुनळी बंदूक असायची. जुन्या बांधणीची, हातानं घोडे मागं ओढून चढवायची. उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी हिंदुरावाच्या वडलांनी ती रीतसर परवाना काढून घेतली होती. पण गेलं वर्षभर त्या खुंट्या रिकाम्या होत्या. बंदूक पोलिसांकडं होती, कापडात गुंडाळून, वर लाखेचं सील मारून.

तरी हिंदुरावाची बसायची जागा काही बदलली नव्हती. शेतावरून आला की हातपाय धुवायचा, खुंट्यांसमोरच्या बाजेवर बसायचा आणि अडकित्ता काढायचा. अंगणापलीकडं त्यानं बांधलेल्या भाड्याच्या खोल्या होत्या. आकुर्डीच्या, भोसरीच्या कंपन्यांत जाणारी माणसं तिथं राहायची. पहिली शिफ्ट सुटली की ती सायकली ढकलत आत यायची आणि पाटलाला रामराम घालायची. हिंदुराव मान हलवायचा. मग नजर पुन्हा भिंतीवर.

नवरात्र तोंडावर आलं होतं. एका संध्याकाळी त्याची बायको रुक्मिणीबाई काठीला केरसुणी बांधून जळमटं काढत होती. खुंट्यांपाशी आली आणि तिचा हात थांबला.

"अवो, हे बघा की."

आढ्यापासून कोळ्याचं एक मोठं जाळं भिंतीवर उतरलं होतं. खुंट्यांपाशी आल्यावर ते दुभंगलं होतं. वरचा तुकडा खाली येऊन सरळ रेषेत संपला होता. मग मधे मोकळी जागा, एका बाजूला रुंद, दुसरीकडं निमुळती होत गेलेली. आणि त्याखाली जाळं पुन्हा सुरू होत होतं. खालचा तुकडा वरच्या अंगाला कशालाच चिकटलेला नव्हता. तरी तो ताणलेला होता.

"कोळ्याला काय अक्कल असती व्हय," हिंदुराव म्हणाला. "काढ ते."

तिनं केरसुणी फिरवली. काठी कशाला तरी लागून ठक वाजली. खुंटीला लागली असेल, असं तिला वाटलं असावं. ती पुढच्या कोपऱ्याकडं गेली.

काठीपासून खुंटी हातभर लांब होती. ते हिंदुरावानं बघितलं, आणि सुपारी तशीच हातात राहिली.

२

गेल्या वर्षी काय झालं ते सांगायला हवं.

खंडेनवमीच्या आदल्या रात्री हिंदुराव उसाच्या राखणीला गेला होता. बरोबर किसन होता. हा किसन बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेला, भोसरीच्या एका ढलाई कारखान्यात कामाला, आणि पाटलाच्याच खोलीत भाड्यानं राहणारा. डुकरं आली नाहीत. पहाटे हिंदुराव घरी परतला, दोन्ही नळ्यांत काडतुसं तशीच ठेवून बंदूक खुंट्यांवर टाकली आणि झोपला. वडीलही असंच करायचे. बंदूक भरलेली असली म्हणजे घराला राखण आहे, असं त्या घरात सगळ्यांनाच वाटायचं.

सकाळी रुक्मिणीबाईनं सोप्यात पाट मांडला. कोयता, विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, आणि सगळ्यांच्या पुढं बंदूक. तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. हिंदुराव अंघोळ करून आला तेव्हा पूजा उरकली होती. त्यानं हात जोडले, आणि हात जोडता जोडता त्याला काडतुसं आठवली.

पण पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. गवत कापायला विळा लागला तरी त्या दिवशी शेजारून मागून आणायचा. हिंदुरावानं मनाशी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, उद्या काढू. आणि कुणाला काही बोलला नाही. भरलेली बंदूक देवापुढं मांडू दिली म्हणून बायको बोलली असती, एवढंच त्याचं भय.

दुपारी किसनची बायको कस्तुरा प्रसाद न्यायला आली. हसरी पोरगी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सोप्यात कुणी नव्हतं. माळ घसरलेली दिसली म्हणून ती वाकली आणि माळ सारखी केली. मग बंदूकच तिरकी दिसली म्हणून नळ्यांना धरून जराशी आपल्याकडं ओढली. मागं कुऱ्हाडीच्या दांड्यात एक घोडा अडकला, ताणला गेला आणि सुटला. बार उडाला.

हिंदुराव आतून धावत आला. आधी त्यानं पोरीकडं जायला हवं होतं. तो बंदुकीकडं गेला. परवाना देताना साहेबानं वडलांना बजावलं होतं, ते त्याला पाठ होतं. बंदूक निष्काळजीपणानं भरलेली ठेवली आणि त्यात कुणाचा जीव गेला, तर गुन्हेगार मालक. परवाना जाईल आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंग. त्यानं बंदूक मधे दुमडून नळ्या उघडल्या. एकीत उडालेलं काडतूस होतं, दुसरीत भरलेलं. दोन्ही नळ्या भरलेल्या निघाल्या तर बंदूक राखणीवरून तशीच आणली हे कळणार, म्हणून भरलेलं त्यानं काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. नळ्या मिटवल्या. मग मान वळवली.

कस्तुराचे डोळे उघडे होते. ती अजून होती. ती त्याच्या खिशाकडं बघत होती.

मग माणसं आली. फौजदार आला. हिंदुरावानं सांगितलं, बंदूक रिकामी होती, दोन्ही नळ्यांतून दिव्याचा उजेड बघून मगच मी पाटावर ठेवू दिली. रात्री किसन माझ्याबरोबर होता. एक काडतूस कमी आहे. नवराबायकोचं पटत नव्हतं. एवढंच तो बोलला. बाकीचं पोलिसांनी जोडलं. बायकोला मारायला किसननं चोरून काडतूस भरलं, असा खटला उभा राहिला आणि पोरगा येरवड्याच्या कच्च्या कैदेत गेला.

खिशातलं काडतूस हिंदुरावानं दुसऱ्या दिवशी इंद्रायणीच्या डोहात टाकलं. आपली दोन वर्षं वाचवायला त्यानं दुसऱ्याचा अख्खा जन्म देऊन टाकला होता. माणूस तसा क्रूर नव्हता. भ्यालेला होता. पण भ्यालेल्या माणसानं केलेलंही केलेलंच असतं.

३

किसनच्या खोलीत आता चतुराबाई राहायची. कस्तुराची आई. लेकीच्या दहाव्या-तेराव्याला गावाकडून आली ती परत गेलीच नाही. आकुर्डीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. हिंदुरावानं तिला जा म्हटलं नाही. म्हणण्याचं धाडस त्याला झालं नसतं.

अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ होता. चतुराबाई रोज कामावरून आली की कळशी घेऊन तिथं यायची. कळशी भरेपर्यंत सोप्याकडं तोंड करून उभी राहायची. रडणं नाही, शिव्याशाप नाहीत. बाकीच्या बायका तिच्याशी बोलायच्या, तीही बोलायची. कधी कुणाची थट्टाही करायची. फक्त तोंड सोप्याकडं.

जळमटं काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी हिंदुराव बाजेवर बसला होता. चतुराबाईची कळशी भरली होती, वरून पाणी वाहत होतं. नळ बंद करून ती म्हणाली,

"पाटील, एक इचारू का?"

"इचार की."

"बंदूक दोन नळ्यांची व्हती ना तुमची?"

"व्हय."

"एक उडाली. दुसरीत काय व्हतं?"

"काय असणार? रिकामी व्हती. कागदावर हाय तसं."

"व्हय, कागदावर हाय." तिनं चुंबळ डोक्यावर सारखी केली आणि कळशी उचलली. "माझी लेक सपनात येती. बोलत काय न्हाई. नुसती बोट करून दाखवती. म्या म्हनलं, तुमाला म्हाईत असंल."

ती गेली. खोलीचं दार लागलं. हिंदुरावाच्या मागं भिंतीकडून बारीक आवाज आला. तेल दिलेल्या लोखंडाचा, दमानं मागं ओढल्यासारखा. बंदुकीचा घोडा चढवताना पहिल्या टप्प्यावर येतो तसा.

मागं वळून बघितलं तर दोन खुंट्या. आणि भिंत.

४

माणूस आपल्या मनाला समजावण्यात फार हुशार असतो. हिंदुरावानं स्वतःला सांगितलं, घराची लाकडं जुनी आहेत, उन्हानं तापतात, गारव्यानं आवळतात. बंदुकीच्या तेलाचा वास येतो तो भिंतीत मुरलेला. इतकी वर्षं तिथं बंदूक होती, मग वास राहणारच. त्याचं त्यालाच पटायचं, सकाळपुरतं.

पण खुंट्या वाकायला लागल्या होत्या. दस्त्याच्या बाजूची जास्त, नळीच्या बाजूची कमी. रिकाम्या खुंट्या वजनानं वाकाव्यात तशा. रुक्मिणीबाईनं एकदा त्यांवर छत्री अडकवायला बघितली. छत्री टेकली आणि घरंगळून खाली आली. तिनं पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. "खुंटी गुळगुळीत झालीया," ती म्हणाली आणि छत्री दाराला टांगली.

हिंदुरावाच्या डोक्यात निराळंच आलं. नळ्यांचं तोंड माजघराच्या दाराकडं होतं. पहिल्यापासून तसंच होतं, पण त्याचा विचार त्यानं कधी केला नव्हता. त्या दारातून सून सुमन दिवसभर ये-जा करायची. तिला दिवस गेले होते, सातवा चालू होता. पोटावर हात ठेवून ती हळू चालायची आणि नेमकी त्या दारात क्षणभर टेकायची.

त्यानं बाज ओढून दाराला आडवी लावली. रुक्मिणीबाईनं कारण विचारलं तर म्हणाला, वारा येतो. मुलगा सयाजी कंपनीतून आला आणि बाजेला अडखळला. बाज जागेवर गेली. मग हिंदुरावानं सुमनला सांगितलं, मागच्या दारानं ये-जा करत जा. सासरा आपल्या काळजीपोटी काही तरी मनात आणतोय, असं त्या पोरीला वाटलं. ती हसून व्हय मामंजी म्हणाली, आणि तासाभरानं पुन्हा त्याच दारात टेकली.

भिंतीवर पुन्हा तो आवाज झाला. या वेळी दुसरा टप्पा. घोडा पूर्ण चढला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना हिंदुरावानं पहार घेतली आणि दोन्ही खुंट्या भिंतीतून उपटल्या. भोकं सिमेंटनं बुजवली, वरून चुना लावला. खुंट्या चुलीत घातल्या. त्या जळेपर्यंत तिथं बसून राहिला.

संध्याकाळी बाजेवर बसला तेव्हा भिंत कोरी होती. त्याला हलकं वाटलं. अडकित्ता काढला, सुपारी धरली, आणि तिथंच त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. खुंट्या होत्या तोवर ती कुठं आहे ते तरी कळत होतं. तोंड कुणाकडं आहे ते कळत होतं.

आता कळत नव्हतं.

तेलाचा वास येतच होता. कधी दाराकडून, कधी उशाकडून, कधी सुमन भाकरी थापायला बसायची तिकडून.

पुढचे दिवस हिंदुरावानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. घरात चालताना तो हात पुढं करून चालायचा. सुमनच्या आणि भिंतीच्या मधे उभा राहायचा. ती उठली की उठायचा, बसली की बसायचा. सयाजीनं आईला हळूच विचारलं, आबांचं काही बिनसलंय का. रुक्मिणीबाई म्हणाली, खटल्याची तारीख जवळ आलीया, साक्ष द्यायचीया, त्याचा घोर लागलाय.

ते काही खोटं नव्हतं. दसरा झाला की लगेच पुण्याच्या कोर्टात तारीख होती. सरकारी वकिलानं त्याला बोलावून सगळं पढवलं होतं. घाबरायचं कारण नाही, असं तो म्हणाला होता. जबानीत सांगितलं तेच पुन्हा सांगायचं. पाटील, तुमची साक्ष झाली की किसनचा निकाल लागलाच समजा.

५

खंडेनवमी आली.

रुक्मिणीबाईनं पाट मांडला. कोयता, विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, आणि यंदा सयाजीनं कंपनीतली आपली हत्यारंही आणली होती. सगळं मांडून झालं तेव्हा पुढं लांबट जागा मोकळी राहिली होती. दरवर्षीच्या सवयीनं तिच्या हातानं ती सोडली होती. ते तिच्या ध्यानात आलं. हत्यारं पुढं सरकवून जागा भरता आली असती. पण तिनं माळ उचलली.

"बंदूक न्हाई तर न्हाई. तिच्या जागंला घालते," ती म्हणाली, आणि लांबलचक माळ त्या मोकळ्या जागेवर अलगद सोडली.

माळ पाटाला टेकली नाही.

लाकडापासून चार बोटं वर ती थांबली. एका टोकाला जराशी उंच, मग सरळ, आणि दोन्ही अंगांना झेंडूची फुलं खाली लोंबत राहिली. सयाजी उदबत्ती पेटवत होता. दारात तीन-चार भाडेकरू प्रसादासाठी उभे होते. कुणाला काही वाटलं नाही. माळ ताजी, दोरा कडक, मागच्या कोयत्यावर अडकली असेल. बघणाऱ्याला तसं वाटायला हरकत नव्हती.

सुमन निरांजन घेऊन आली. पाटाच्या डाव्या टोकाशी, माळ निमुळती होत गेली होती तिथं, ती गुडघे टेकून बसली. वाकली. तिचं पोट त्या टोकासमोर आलं. माळेतलं एक फूल तिला वाकडं दिसलं आणि तिनं हात पुढं केला.

हिंदुराव कधी उठला ते त्यालाही कळलं नाही. त्यानं सुनेला दंडाला धरून मागं ओढलं. निरांजन कलंडलं. तेल पाटावर सांडलं.

"हात लावू नगं," तो म्हणाला. "भरलीया ती."

सयाजी उदबत्ती धरून तसाच उभा. सुमन दंड चोळत सासऱ्याकडं बघत होती. भाडेकरूंच्या मागं चतुराबाई होती. हातात प्रसादाची वाटी. ती पुढं आली, उंबऱ्याशी थांबली.

"काय भरलंय, पाटील?"

हिंदुरावानं पाटाकडं बघितलं.

"पाटावर तर काय न्हाई," चतुराबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. "माझी लेक बी अशीच वाकली व्हती. तवा तुमाला हाच सबुद आठवला असता, तर पोरगी आज इथं परसाद वाटत असती."

तिनं वाटी पुढं केली. रुक्मिणीबाईनं तीत खोबरं घातलं. चतुराबाई निघून गेली.

पूजा झाली होती. म्हणजे आता उद्या सीमोल्लंघन होईपर्यंत काही हलवायचं नव्हतं. हिंदुराव पाटासमोर बसला. माळेच्या निमुळत्या टोकासमोर, छाती पुढं करून. जेवायला उठला नाही. कुणी हाक मारली तर हातानं लांब राहा म्हणायचा. रुक्मिणीबाई पदर तोंडाला लावून आत रडत होती. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, पाटील देवापुढं बसलेत, केवढी भक्ती.

दसऱ्याला गाव आपटा लुटायला वेशीबाहेर गेलं तेव्हा माळ आपसूक खाली टेकली. हलकासा आवाज झाला. हिंदुरावानं पाटावरून हात फिरवला. गार लाकूड. बाकी काही नाही.

आता ती कुठं गेली, हे त्याला कळलं नाही.

६

कोर्टात पंखे फिरत होते. बाहेर स्वच्छ ऊन होतं. मागच्या बाकावर चतुराबाई बसली होती, कामावर जाताना नेसायचं तेच लुगडं नेसून. आरोपीच्या पिंजऱ्यात किसन. हिंदुरावानं त्याला वर्षानं बघितलं. चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं. पाटलाकडं बघून त्यानं सवयीनं हात जोडले, मग काय केलं ते ध्यानात येऊन हात खाली घेतले.

हिंदुरावानं शपथ घेतली. नाव, गाव, धंदा सांगितला. सरकारी वकिलानं विचारलं तसं तो सांगत गेला. राखणीला गेलो, पहाटे आलो, सकाळी पूजा झाली. इथवर सगळं खरंच होतं.

मग शिपायानं कापडातली बंदूक आणली. सील तोडलं, गाठी सोडल्या, बंदूक साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोरच्या टेबलावर ठेवली. त्याला काय ठाऊक. ठेवता ठेवता नळ्यांची तोंडं हिंदुरावाकडं झाली.

"हीच का ती बंदूक?"

"व्हय."

"पूजेला ठेवली तेव्हा तिच्या नळ्या तुम्ही तपासल्या होत्या?"

हिंदुराव नळ्यांकडं बघत होता. उजवी नळी काळी होती, आत काजळी. डाव्या नळीच्या तोंडाशी काहीतरी चमकलं. थेंब होता. तो फुगला, सुटला, टेबलावर पडला. मागं दुसरा आला. पाणी होतं ते. गढूळ, हिरवट. हिंदुरावाला वास आला, आणि तो तेलाचा नव्हता. इंद्रायणीच्या डोहातल्या शेवाळाचा होता.

"साक्षीदार, प्रश्न कळला का? नळ्या रिकाम्या होत्या?"

वकिलानं शिपायाला खूण केली, बंदूक उघडून दाखव. शिपायानं गुडघ्यावर घेऊन जोर केला. पुन्हा केला. "उघडत न्हाई साहेब, गंजली असावी," म्हणाला आणि परत तशीच ठेवली, तशाच तोंडानं. ओल्या हाताकडं त्यानं आश्चर्यानं बघितलं आणि हात पँटला पुसला.

हिंदुराव डाव्या नळीत बघत होता. खोल आत काळोख होता. आणि त्या काळोखात लाल ठिपका. कपाळावरच्या ओल्या कुंकवाच्या टिकलीएवढा. तो आधी दिसला तसाच राहिला. मग हळूच वर सरकला. कुणी खाली घातलेली मान उचलून बघायला लागतं ना, तसा. ठिपक्याखाली आणखी काहीतरी उघडायला लागलं होतं.

त्यानं पुढचं बघितलं नाही. डोळे गच्च मिटून तो बोलायला लागला.

"भरलेली व्हती. म्याच ठेवली व्हती भरून. दोन्ही नळ्या. दुसरीतलं काडतूस म्या काढलं, ती जिती असताना, तिच्या डोळ्यांदेखत. किसननं काय केलं न्हाई. त्याला काय म्हाईत बी नव्हतं."

न्यायाधीशांनी हात वर केला. कारकुनाची लेखणी थांबली, मग भराभर चालायला लागली. सरकारी वकील काहीतरी बोलत होता. हिंदुरावाला ऐकू येत नव्हतं. त्यानं डोळे उघडले तेव्हा शिपाई टेबल पुसत होता आणि छताकडं बघत होता, गळतंय कुठून ते.

संध्याकाळी व्हरांड्यात चतुराबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन शिपाई बाजूला होते. हिंदुरावानं पागोटं काढून हातात घेतलं.

"किसन सुटंल," तो म्हणाला. "आता तरी तुज्या लेकीला सांग, आता बास म्हणावं."

चतुराबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही.

"किसनचं तुमी फेडलं, पाटील. माझ्या लेकीचं तेवढं राह्यलंय. त्यात म्या मधी पडनार न्हाई."

७

किसन सुटला. सासूला घेऊन गावाकडं गेला. सुमनला मुलगी झाली, चांगली धडधाकट. सोप्यातली बाज रुक्मिणीबाईनं मोडून टाकली. त्या घरात त्यानंतर कोळ्याचं जाळं नीट लागायचं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, अखंड. तिनं ते काढायचं सोडून दिलं.

हिंदुरावाला हयगयीबद्दल दोन वर्षं मिळाली आणि पोलिसांना दिलेल्या खोट्या जबानीची शिक्षा वेगळी. त्यानं अपील केलं नाही. येरवड्याला नेलं तेव्हा त्याचा चेहरा बघून बरोबरच्या शिपायाला नवल वाटलं. माणूस सुटून घरी चालल्यासारखा दिसत होता.

बराकीत भिंतीला खुंट्या नव्हत्या. हे त्यानं पहिल्यांदा बघितलं. दगडी भिंत, वर गजांची खिडकी, खाली ओळीनं कैद्यांची अंथरुणं. शेजारी एक तरणा पोरगा होता, कसल्याशा मारामारीत आलेला, सारखा आईची आठवण काढणारा. हिंदुरावानं त्याला आपल्यातली अर्धी भाकरी दिली. दुपारच्या उन्हात भिंतीला टेकून दोघं बसले. कितीतरी महिन्यांनी हिंदुरावाचे डोळे जड झाले.

"आजोबा," पोरगा म्हणाला, "ते बघा की. काय येड्यावानी जाळं केलंय."

हिंदुरावानं वर बघितलं.

खिडकीच्या गजापासून कोळ्याचं जाळं भिंतीवर उतरलं होतं. अर्ध्यावर येऊन ते सरळ रेषेत संपलं होतं. मधे मोकळी जागा होती, एका बाजूला रुंद, दुसरीकडं निमुळती होत गेलेली. निमुळतं तोंड पोरग्याच्या अंथरुणाकडं होतं.

हिंदुराव उठला. आपली कांबळ उचलली, पोरग्याला हातानं बाजूला सरक म्हणून सांगितलं, आणि त्याच्या जागेवर ती अंथरली. मग त्या तोंडासमोर छाती करून बसला आणि वाट बघायला लागला.

जाळ्याच्या खालच्या कडेवर पाण्याचा एक थेंब जमत होता.